के. कामराज : शाळेत चूल पेटवणारा मुख्यमंत्री



शालेय पोषण आहार हा आपल्या रोजच्या कामातला विषय. तांदळाचा साठा किती, डाळ किती उरली, आज किती मुलं जेवली, चव नोंदवहीत सही झाली का, ऑनलाइन माहिती भरली का... हे सगळं करता करता कधीतरी आपल्याच तोंडून निघून जातं, की हे शिक्षकाचं काम आहे का? इकडे पालकांमध्येही कुणी कुणी खिचडीची शाळा म्हणून नाक मुरडतं. म्हणून आज एका अशा माणसाची ओळख करून घेऊ, ज्याने शाळा आणि जेवण या दोन गोष्टी वेगळ्या मानल्याच नाहीत. स्वतः मात्र तो जेमतेम सहावीपर्यंत शिकलेला होता.

त्यांचं नाव कुमारस्वामी कामराज. तेव्हाच्या मद्रास राज्याचे, म्हणजे आजच्या तमिळनाडूचे मुख्यमंत्री. राजकारणात ते किंगमेकर म्हणून प्रसिद्ध झाले. पण तमिळनाडूतल्या खेड्यापाड्यांत त्यांची आठवण निघते ती दुपारच्या जेवणासाठी.

बालपण : मूठभर तांदळाची शाळा

कामराज यांचा जन्म १५ जुलै १९०३ रोजी विरुधुनगर इथे झाला. त्या वेळी या गावाला विरुधुपट्टी म्हणत. रामनाथपुरमचा हा सगळा भाग कोरडा, पावसाच्या भरवशावरचा. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळाने दक्षिणेत लाखो माणसं मेली होती. त्या दुष्काळाच्या गोष्टी सांगणारी म्हातारी माणसं त्यांच्या लहानपणी गावोगाव असणार.

घरात त्यांचं नाव कामाक्षी ठेवलं होतं. आई शिवकामी लाडाने राजा म्हणायची. दोन्ही मिळून झालं कामराज. वडील छोटे व्यापारी होते, पण मुलगा लहान असतानाच ते गेले. आईने दागिने विकून आलेली रक्कम एका व्यापाऱ्याकडे ठेवली आणि तिच्या व्याजावर घर चालवायला सुरुवात केली. घरात कामराज आणि त्यांची धाकटी बहीण नागम्माळ. उपाशी मरायची वेळ आली नाही, पण काटकसर कशाला म्हणतात ते कामराज फार लवकर शिकले.

कामराज ज्या क्षत्रिय विद्याशाळेत जात, त्या शाळेची गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. कामराज नाडार समाजाचे. या समाजाला त्या काळी अनेक देवळांत प्रवेश नव्हता. ताडाच्या झाडावर चढून ताडी काढणारे म्हणून त्यांना हिणवलं जाई. विरुधुनगरमधल्या या समाजातल्या लोकांनी ठरवलं, की आपली शाळा आपणच काढायची. पैसा कुठून आणायचा? प्रत्येक घरातल्या बाईने रोज भात शिजवताना एक मूठ तांदूळ बाजूला ठेवायचा. तो गोळा करायचा, विकायचा आणि त्यावर शाळा चालवायची. तमिळमध्ये याला पिडी अरिसी म्हणतात, म्हणजे मूठभर तांदूळ. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेचा मुष्टिफंड तुम्हाला लगेच आठवला असेल. कल्पना अगदी तीच.

म्हणजे कामराज यांना अक्षरओळख झाली ती गावातल्या बायकांनी बाजूला काढलेल्या तांदळावर. पुढे मुख्यमंत्री झाल्यावर त्यांनी जे केलं, त्याचं मूळ इथे सापडतं असं मला वाटतं.

शाळा मात्र फार दिवस लाभली नाही. बारा वर्षांच्या आसपास त्यांनी शाळा सोडली आणि ते मामाच्या कापडाच्या दुकानात कामाला लागले. गरिबीमुळे शाळा सुटणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तुरुंग हेच विद्यापीठ

जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर तरुण कामराज काँग्रेसच्या कामात ओढले गेले. १९३० मध्ये वेदारण्यमच्या मिठाच्या सत्याग्रहात भाग घेतल्याबद्दल त्यांना शिक्षा झाली. पुढेही तुरुंगाच्या वाऱ्या चालूच राहिल्या. सगळे दिवस एकत्र केले तर जवळजवळ आठ वर्षं त्यांनी तुरुंगात काढली.

यातला एक तुरुंग आपल्या ओळखीचा आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईला काँग्रेसचं अधिवेशन झालं आणि चले जावचा ठराव झाला. कामराज तिथे होते. परतताना पोलिसांना चुकवत त्यांनी गावोगावच्या कार्यकर्त्यांपर्यंत निरोप पोहोचवला आणि मग अटक करून घेतली. त्या बंदिवासाचा काही काळ त्यांनी मद्रास प्रांतातल्या इतर नेत्यांबरोबर विदर्भातल्या अमरावतीच्या तुरुंगात काढला. १९४५ मध्ये त्यांची सुटका झाली.

तुरुंगात त्यांनी भरपूर वाचन केलं. इंग्रजी वाचायला तिथेच शिकले. शाळा सुटली तरी शिक्षण सुटू दिलं नाही. पण म्हणून शाळेशिवायही चालतं, असं त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही, हे लक्षात घ्या. आपल्याला जे मिळालं नाही ते दुसऱ्याला मिळालंच पाहिजे, हा त्यांचा हिशोब.

मुख्यमंत्रिपद आणि पहिला निर्णय

एप्रिल १९५४ मध्ये कामराज मद्रास राज्याचे मुख्यमंत्री झाले. त्यांच्या आधी राजाजी मुख्यमंत्री होते. राजाजींनी १९५३ मध्ये प्राथमिक शिक्षणाची एक नवी योजना आणली होती. ग्रामीण मुलांनी दिवसाचा थोडाच वेळ शाळेत यायचं आणि उरलेल्या वेळात घरचं पारंपरिक काम शिकायचं. पैसा कमी, शिक्षक कमी, मुलं जास्त. त्यावरचा हा उपाय होता. पण लोकांना त्यात दुसरंच दिसलं. कुंभाराच्या मुलाने कुंभार व्हायचं, शेतमजुराच्या मुलाने शेतमजूर. मोठा विरोध झाला. कामराज यांनी सत्तेवर आल्यावर महिना-दीड महिन्यातच ती योजना रद्द केली. बंद पडलेल्या शाळा पुन्हा उघडायला आणि शाळा नसलेल्या गावांत नव्या काढायला सुरुवात झाली.

शाळा उघडल्या, शिक्षक नेमले. तरी पोरं येईनात. आली तरी टिकेनात. का?

यावर एक गोष्ट तमिळनाडूत नेहमी सांगितली जाते. मुख्यमंत्री दौऱ्यावर असताना त्यांची गाडी एका रेल्वे फाटकाशी थांबली. बाजूला काही मुलं गुरं चारत होती. कामराज खाली उतरले आणि एका मुलाला विचारलं, की शाळेत का जात नाहीस. त्या मुलाने उलट विचारलं, की शाळेत गेलो तर जेवायला तुम्ही देणार का. गोष्ट शब्दशः अशीच घडली की सांगता सांगता तिला आकार आला, हा भाग सोडून देऊ. तिच्यातला हिशोब मात्र खरा आहे. गरीब घरात आठ-दहा वर्षांचं पोर गुरं राखून निदान स्वतःच्या पोटापुरतं मिळवत असे. ते शाळेत आलं की घरातलं एक खाणारं तोंड वाढायचं आणि एक कमावता हात कमी व्हायचा. शाळेत फी माफ असली तरी हा तोटा भरून येत नव्हता. आपण म्हणतो ना, आधी पोटोबा मग विठोबा! तिथे विठोबाच्या जागी पाटी-पुस्तक होतं, एवढाच फरक.

चूल कशी पेटली?

शाळेत जेवण द्यायची कल्पना मद्रासला अगदी नवी नव्हती. १९२० मध्ये मद्रास महापालिकेने थाउजंड लाइट्स भागातल्या शाळेत मुलांना खायला द्यायला सुरुवात केली होती. जस्टिस पक्षाचे सर पिट्टी त्यागराय चेट्टी तेव्हा महापालिकेचे प्रमुख होते. दर मुलामागे दिवसाला जास्तीत जास्त एक आणा खर्च करायचा, असं ठरलं होतं. मुलांची संख्याही वाढली. पण पुढे सरकारने खर्चाला हरकत घेतली आणि ते थांबलं. म्हणजे एका शहरातल्या काही शाळांचा अनुभव हाताशी होता. प्रश्न होता तो संबंध राज्याचा, हजारो खेड्यांचा.

कामराज यांनी हा विषय काढला तेव्हा अडचणी सांगणारे बरेच निघाले. एवढा पैसा आणायचा कुठून? हे काम कोण करणार? शिक्षक शिकवणार की भात शिजवणार? (हा प्रश्न किती जुना आहे बघा!) कामराज यांचं म्हणणं सरळ होतं. मूल उपाशी असेल तर शिकवणं फुकट जातं. तेव्हा जेवणाचा खर्च हा शिक्षणाचाच खर्च आहे.

इथे एका शिक्षणाधिकाऱ्याचं नाव घ्यायलाच हवं. एन. डी. सुंदरवडिवेलू. ते राज्याचे शिक्षण संचालक होते. कल्पना मुख्यमंत्र्यांची असली तरी ती शाळाशाळांत उतरवायचं काम त्यांनी आणि गावोगावच्या शिक्षकांनी केलं. जुलै १९५६ मध्ये एट्टयपुरम इथे योजनेची सुरुवात झाली. महाकवी सुब्रमण्य भारती यांचं हे जन्मगाव. मुलांना जेवू घालण्यासाठी दारोदार भीक मागायची वेळ आली तरी आपण मागू, अशा अर्थाचं कामराज तेव्हा बोलले होते, असं तिथले लोक आजही सांगतात.

आणि योजना खरोखरच मागूनच उभी राहिली. सुरुवात लोकवर्गणीतून झाली. कुणी तांदूळ दिला, कुणी डाळ, कुणी परसातली भाजी, कुणी सरपण. ज्यांच्याकडे द्यायला काही नव्हतं त्यांनी भांडी घासली, पाणी भरलं. हिशोब शिक्षकांनी ठेवला. पुढे सरकारी अनुदानाची जोड मिळाली. दर जेवणामागे मोठा वाटा सरकारचा आणि उरलेला गावाचा, अशी विभागणी झाली. विरुधुनगरच्या घराघरातली ती मूठ आता राज्याच्या अंदाजपत्रकात आली होती.

१९५८ पासून शाळा सुधार परिषदा भरू लागल्या. गावकऱ्यांनी जमायचं, आपल्या शाळेला काय हवं त्याची यादी करायची आणि ज्याने त्याने जमेल ते द्यायचं. फळा, बाक, घड्याळ, खोलीसाठी जागा, जेवणासाठी भांडी. मुलांना गणवेश देण्याचं कामही याच काळात सुरू झालं. फाटक्या कपड्यांची लाज वाटून मागे राहणारं मूलही आता वर्गात येऊ लागलं.

ताटात काय होतं आणि ते का महत्त्वाचं?

जेवण साधंच. भात आणि सांबार, म्हणजे तांदूळ, तूरडाळ आणि हाताला लागेल ती भाजी. पण या साधेपणात पोषणाचं एक चांगलं सूत्र आहे, ते आपण मुलांनाही शिकवू शकतो. तांदळातल्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं. डाळीत ते भरपूर असतं. उलट डाळीत मेथिओनिन कमी आणि तांदळात ते त्या मानाने जास्त. दोन्ही एकत्र खाल्लं की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. वरणभात, खिचडी, इडली, डोसा... आपल्या आजीपणजींनी हे प्रयोगशाळेत न जाता साधलं होतं.

याशिवाय सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे वेळ. सकाळी अर्धपोटी निघालेल्या मुलाचं दुपारी शिकण्यात लक्ष राहत नाही. मेंदूला ऊर्जा लागते ती मुख्यतः ग्लुकोजची आणि वाढत्या वयात मेंदूची भूक मोठी असते. मागच्या बाकावर पेंगणारं मूल आळशीच असतं असं नाही. त्याने सकाळपासून काय खाल्लं, हे विचारायची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

आणि पंगतीचं काय! ज्या गावात विहिरी वेगळ्या होत्या, तिथे पोरं एका ओळीत बसून एकाच भांड्यातलं जेवू लागली. हे सगळीकडे सहज झालं असं मुळीच नाही. आजही काही ठिकाणी कोण शिजवतं यावरून कुरबुरी होतात, हे आपण बातम्यांत वाचतो. पण समता हा धडा पुस्तकातून वाचून दाखवणं वेगळं आणि रोज दुपारी मांडीला मांडी लावून जेवणं वेगळं.

जे अपुरं राहिलं

मोठ्या माणसाचं चरित्र सांगताना अपुऱ्या गोष्टीही सांगाव्यात, म्हणजे मुलांना ते खरं वाटतं.

कामराज यांच्या काळात हे जेवण शाळेतल्या सगळ्या मुलांना मिळत नव्हतं. सगळ्यांत गरीब मुलं निवडावी लागत. दुसरी अडचण लोकवर्गणीची. ज्या गावाला जेवणाची गरज सगळ्यांत जास्त, त्याच गावाची वर्गणी द्यायची ऐपत सगळ्यांत कमी. दुष्काळाच्या वर्षी तर देणारेच घेणारे होत. त्यामुळे काही शाळांत चूल नियमित पेटायची, काही शाळांत मध्येच विझायची. १९६१ पासून केअर या परदेशी संस्थेकडून धान्य आणि दूध पावडर यांची मदत मिळू लागली, तेव्हा थोडा आधार झाला. शाळेत न जाणाऱ्या दोन-चार वर्षांच्या बाळांपर्यंत तर ही योजना पोहोचतच नव्हती. आणि कुपोषणाचा खरा घाव त्या वयात बसतो.

पुढे १ जुलै १९८२ पासून एम. जी. रामचंद्रन यांच्या सरकारने ही योजना खूप मोठी केली. खर्चाचा भार सरकारने उचलला, शिजवण्यासाठी वेगळी माणसं नेमली, लहान बाळांनाही त्यात घेतलं. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्र सरकारची देशपातळीवरची योजना आली. पण बहुतेक राज्यांत मुलांना शिजवलेलं अन्न मिळत नव्हतं. हजेरी भरली की महिन्याला तीन किलो धान्य घरी न्यायचं. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की शाळेत शिजवलेलं जेवणच द्या. त्यानंतर आपल्याकडेही शाळेत चुली पेटल्या.

आज पहिली ते पाचवीच्या मुलाला दुपारच्या जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं, असं प्रमाण ठरलेलं आहे. त्यासाठी लहान मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी. मोठ्यांना १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी. आपण वहीत जे आकडे भरतो, त्यांच्यामागे एवढा मोठा प्रवास आहे.

शेवटची वर्षं

२ ऑक्टोबर १९६३ रोजी कामराज यांनी मुख्यमंत्रिपद आपणहून सोडलं. ज्येष्ठ नेत्यांनी खुर्च्या सोडून पक्षाचं काम करावं, ही त्यांचीच सूचना. तिलाच पुढे कामराज योजना म्हणू लागले. नंतर ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. आधी लालबहादूर शास्त्री आणि मग इंदिरा गांधी यांना पंतप्रधानपदी आणण्यात त्यांचा मोठा हात होता. मात्र १९६७ च्या निवडणुकीत खुद्द विरुधुनगरमध्ये एका तरुण विद्यार्थी नेत्याकडून ते तेराशेहूनही कमी मतांनी हरले. त्यांनी तो निकाल मान्य केला आणि पुन्हा कामाला लागले.

त्यांनी लग्न केलं नाही. घर नाही, जमीन नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी, गांधी जयंतीच्याच दिवशी, मद्रासला त्यांचं निधन झालं. ते राहत होते ते घरही भाड्याचं होतं. मागे उरलं ते थोडे कपडे, थोडी पुस्तकं आणि किरकोळ रक्कम. १९७६ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आलं. तमिळनाडूत त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, शाळाशाळांत शिक्षण विकास दिन म्हणून साजरा होतो.

वर्गात काय करता येईल?

१. गणिताच्या तासाला : तुमच्या शाळेचा पट घ्या. वर दिलेल्या प्रमाणाने एका दिवसाला, एका महिन्याला किती तांदूळ, किती डाळ, किती भाजी लागेल ते मुलांना काढू द्या. ग्रॅमचं किलो करण्याचा सराव आपोआप होतो.

२. विज्ञानाच्या तासाला : धान्य आणि डाळ एकत्र येणारे आपल्या भागातले पदार्थ मुलांकडून लिहून घ्या. वरणभात, खिचडी, थालीपीठ, डाळढोकळी... यादी लांबत जाईल.

३. परिसर अभ्यास : आजी-आजोबांना विचारून यायला सांगा, की त्यांच्या लहानपणी शाळेत खायला काय मिळायचं. १९७२ च्या दुष्काळातल्या सुकडीची आठवण बऱ्याच घरांत निघेल.

४. पालकसभेत : शाळेतलं जेवण पालकांना एकदा आपल्याबरोबर बसून खायला बोलवा. परसातला शेवगा, कढीपत्ता, लिंबू कुणी देऊ शकतं का, ते सहज विचारा. मागायला लाजू नका, मुख्यमंत्रीही मागायला तयार होते!

आणि आपल्यासाठी एवढंच. उद्या तांदळाचा हिशोब लिहिताना कंटाळा आला, तर वर्गातल्या त्या एका मुलाकडे बघा, जे सोमवारी सगळ्यांच्या आधी ताट घेऊन रांगेत उभं असतं. शनिवारी दुपारपासून सोमवारपर्यंत त्याच्या घरी काय शिजलं असेल, ते आपल्याला ठाऊक असतं. त्याच्यासाठी शाळेचा पहिला तास जेवणाचाच असतो. तो तास चुकू न देणं हे आपलं, म्हणजे शिक्षकाचंच, काम आहे.